पुणे ३०: एका पिनकोडाच्या पोटात

मराठी पुस्तकांच्या कपाटातून दहा जुनी पुस्तके काढा आणि मुखपृष्ठामागचे पान उघडा. प्रकाशकाच्या पत्त्यात ‘सदाशिव पेठ, पुणे ३०’ एकदा तरी भेटण्याची दाट शक्यता आहे. पेठेतल्या जुन्या माणसांच्या तोंडी आजही तेवढेच असते: पुणे तीस. पाकिटावर मात्र सहाही आकडे येतात, ४११०३०.

पेठ थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळची, पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने वसवलेली. तिचा आकडा त्या मानाने अगदी अलीकडचा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर पिनकोड लागू झाला. ती योजना आखली केंद्रीय दळणवळण खात्यातले ज्येष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. संस्कृतात विपुल काव्यरचना केलेला हा मराठी माणूस. एकाच नावाची अनेक गावे, प्रत्येक प्रांताची वेगळी लिपी आणि त्यातून होणारी पत्रांची चुकामूक यावर त्यांनी सहा अंकांचा तोडगा काढला. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा पट्टा. पहिले तीन अंक मिळून टपाल छाननीचा जिल्हा ठरतो. ४११ म्हणजे पुणे. उरलेले तीन अंक पत्र वाटणाऱ्या टपाल कार्यालयाचे. ०३० मध्ये जुने ‘तीस’ तसेच राहिले.

या प्रकरणात आपण एवढ्या एकाच संख्येची चौकशी करणार आहोत. चार लाख अकरा हजार तीस. टपाल खात्याने ती देताना गणिताचा काही विचार केला नव्हता, आणि म्हणूनच ती आपल्या कामाची आहे. गणिताच्या पुस्तकात भेटणाऱ्या संख्या बहुधा निवडून आणलेल्या असतात. वाटेने जाणारी कुठलीही संख्या थांबवून तिला विचारले तर ती किती बोलते, हे पाहायला अशी न निवडलेलीच हवी.

फोड

संख्येला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: तुला कोणाकोणाचा भाग जातो?

शेवटी शून्य आहे, म्हणजे २ आणि ५ लगेच सुटले. उरले ४११०३. आता अंकांची बेरीज करा: ४ + १ + १ + ० + ३ = ९. बेरजेला नऊने भाग जातो, तेव्हा संख्येलाही जातो. शाळेत ही कसोटी आपण पाठ करतो. तिचे कारण सोपे आहे. एक हजार म्हणजे ९९९ अधिक १, शंभर म्हणजे ९९ अधिक १, दहा म्हणजे ९ अधिक १. प्रत्येक स्थानातून नऊनऊंचा भाग काढून घेतला की मागे त्या स्थानावरचा अंक तेवढा उरतो. म्हणून कोणत्याही संख्येला ९ ने भागून जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागून उरते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती वारंवार लागणार आहे.

४११०३ ला ९ ने भागले की उत्तर येते ४५६७. चार, पाच, सहा, सात: ओळीने उभे राहिलेले अंक. पहिल्यांदा हा भागाकार केला तेव्हा मी तो पुन्हा करून पाहिला. आता प्रश्न असा, की ४५६७ आणखी फुटते का?

इथे पेन्सिल घेऊन बसा. ४५६७ चे वर्गमूळ ६७ आणि थोडे वर आहे. एखादी संख्या दोन अवयवांत फुटत असेल, तर त्यातला लहान अवयव वर्गमूळाच्या वर जाऊ शकत नाही. दोन्ही वर गेले तर गुणाकारच मोठा होईल. म्हणजे ६७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की काम झाले. त्या आहेत एकोणीस. २, ३, ५ तर सरळच बाद. ७ ने भागले तर बाकी ३. ११ ने २. १३ ने ४. १७ ने ११. १९ ने ७. असेच पुढे जात राहा. ४३ ने ९, ४७ ने ८, ६१ ने ५३, आणि शेवटी ६७ ने ११. कुठेच शून्य नाही. ४५६७ मूळ संख्या आहे, तिचे आणखी तुकडे होत नाहीत.

तेव्हा सदाशिव पेठेची पूर्ण फोड अशी:

४११०३० = २ × ३ × ३ × ५ × ४५६७

क्रम बदला, कोणत्याही बाजूने सुरुवात करा, शेवटी हाती याच पाच मूळ संख्या येतील. प्रत्येक पूर्ण संख्येची अशी फोड एकच असते, आणि सगळ्या अंकगणिताचा पाया या वाक्यावर उभा आहे.

सहा अंकी संख्या फोडायला आपल्याला एक दुपार पुरली. अंक वाढले की हे काम फार वेगाने अवघड होते. २०२० साली २५० अंकांची एक संख्या तिच्या दोन मूळ अवयवांत फोडली गेली. तिला लागलेला वेळ एकाच संगणक-गाभ्यावर मोजला तर सुमारे २७०० वर्षे भरतो. हजारो गाभे एकदम चालवले म्हणून ती फुटली. दोन मोठ्या मूळ संख्या गुणणे क्षणाचे काम आणि गुणाकारावरून त्या शोधणे जवळजवळ अशक्य, या विषमतेवर १९७७ साली तीन संशोधकांनी गुप्तलेखनाची एक पद्धत बसवली. इंटरनेटवरच्या व्यवहारांच्या सुरक्षिततेत ती आजही वापरात आहे. त्यात सहाशेवर अंकांच्या संख्या असतात. भागाकार मात्र आपण वहीत केला तोच.

विपुल, परिपूर्ण आणि उणी

फोड हाती आली की विभाजक मोजायला सगळे विभाजक शोधत बसावे लागत नाही. विभाजकात २ एकदा घ्यायचा किंवा नाही, असे दोन पर्याय. ३ एकदाही नाही, एकदा किंवा दोनदा, असे तीन. ५ चे दोन, ४५६७ चे दोन. २ × ३ × २ × २ = २४. पेठेच्या आकड्याला बरोबर चोवीस विभाजक आहेत. बारा तर ९० चे ओळखीचे: १, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, ३०, ४५, ९०. बाकीचे बारा म्हणजे यांनाच ४५६७ ने गुणलेले.

प्राचीन ग्रीकांनी संख्यांची एक वर्गवारी केली होती. संख्येचे स्वतःखेरीजचे सगळे विभाजक मिळवायचे. बेरीज संख्येइतकीच आली तर ती परिपूर्ण, कमी आली तर उणी, जास्त आली तर विपुल. ६ परिपूर्ण आहे, कारण १ + २ + ३ = ६. पुढच्या परिपूर्ण संख्या २८, ४९६ आणि ८१२८. चार अंकांपर्यंत एवढ्याच.

आपल्या संख्येच्या चोवीस विभाजकांची बेरीज येते १०,६८,९१२. तिच्यातून ४,११,०३० वजा केले की उरतात ६,५७,८८२. संख्येपेक्षा पुष्कळ जास्त, म्हणजे ४११०३० विपुल आहे. यात आश्चर्य नाही, कारण ६ ची सहापेक्षा मोठी प्रत्येक पट विपुलच असते, आणि आपल्या संख्येला ६ ने भाग जातो.

दोन वर्ग पुरत नाहीत

आता वेगळा प्रश्न. ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? जसे २५ म्हणजे ९ अधिक १६.

याचे उत्तर एकही वर्ग न मांडता, नुसत्या फोडीवरून देता येते. ४ ने भागल्यावर ३ उरतात अशा मूळ संख्या वेगळ्या काढा. त्यातली प्रत्येक जर फोडीत जोडीजोडीने येत असेल तर दोन वर्ग सापडतात. एकही विजोड राहिली तर कधीच सापडत नाहीत. फेर्माने सतराव्या शतकात या प्रश्नाचे मर्म ओळखले आणि ऑयलरने अठराव्या शतकात सिद्धता दिली. आपल्या फोडीत अशा दोन मूळ संख्या आहेत. ३ दोनदा आला आहे, तो जोडीने बसला. ४५६७ ला ४ ने भागले की ३ उरतात, आणि ती एकटीच आहे. म्हणून कितीही शोधा, दोन वर्ग मिळणार नाहीत.

तीन वर्गांत मात्र ती बसते:

४११०३० = ६४१ × ६४१ + १० × १० + ७ × ७

४,१०,८८१ अधिक १०० अधिक ४९, करून पाहा. यातली ६४१ गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. २ चा बत्तिसावा घात अधिक १ ही संख्या मूळ असावी असा फेर्माचा कयास होता. १७३२ साली ऑयलरने दाखवले की तिला ६४१ ने भाग जातो. तीच ६४१ इथे पेठेच्या आकड्याचा सर्वात मोठा वर्ग होऊन बसली आहे.

हर्षद

इथवर पाहिलेले गुण संख्येच्या हाडामांसाचे आहेत. ती देवनागरीत लिहा, रोमन लिपीत लिहा किंवा चिंचोके मांडून दाखवा, फोड तीच राहते. आता गुणांचा दुसरा प्रकार पाहू. तो संख्या आपण कशी लिहितो यातून उपजतो. आणि त्या प्रकाराचा विषय निघाला की मराठी माणसाला नदी ओलांडून फर्ग्युसन महाविद्यालयात जावेच लागते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकत असताना, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पदवीनंतर १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीत शाळामास्तर होते. गणितातली पुढची पदवी त्यांच्याकडे नव्हती. वर्गात मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात अंकांशी बसावे, असे त्यांनी आयुष्य काढले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या अमेरिकेतल्या स्तंभात त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीचे हे मास्तर जगाला ठाऊक झाले.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी नाव दिले ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी. १८ हर्षद आहे: १ + ८ = ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. १ ते १०० मध्ये अशा ३३ संख्या आहेत. जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत हा संस्कृत शब्द आज जसाच्या तसा छापला जातो.

४११०३० च्या अंकांची बेरीज ९. भागाकार ४५६७०. सदाशिव पेठ हर्षद आहे. खुद्द फर्ग्युसनचा पिनकोड ४११००४ मात्र हर्षद नाही. त्याची बेरीज १०, आणि शेवटी शून्य नसल्यामुळे दहाने भाग जात नाही.

आपण दहाच्या पटीत मोजतो, कारण हाताला दहा बोटे आहेत. संगणक दोनाच्या पटीत मोजतो. त्याच्या लेखी ४११०३० म्हणजे ११००१०००१०११००१०११०. यातले एक मोजा. नऊ आहेत. तिथेही अंकांची बेरीज नऊच, आणि तिथेही आपली संख्या हर्षद. आठच्या पटीत लिहिली तर ती होते १४४२६२६. बेरीज २५, आणि ४११०३० ला २५ ने भागले तर ५ उरतात. तिथे हर्ष संपला. संख्या तीच आहे, लिहिण्याची रीत बदलली एवढेच. हर्षदपणा हा संख्येचा आणि आपला मिळून गुण आहे. कितीतरी गणितज्ञांना अशा गुणांत रस वाटत नाही, आणि त्यांचे कारण मला समजते. पण लिहिण्याची रीतही माणसाने घडवलेली एक रचना आहे, तिलाही नियम आहेत, आणि ते शोधण्यासारखे आहेत. कापरेकरांनी आयुष्यभर तेच केले.

६१७४ कडे जाणारी वाट

त्यांचा सर्वात गाजलेला शोध १९४६ चा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते, आणि एकदा आले की हलत नाही.

आपल्या पेठेच्या पोटातली मूळ संख्या ४५६७ घेऊ:

७६५४ − ४५६७ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

तीन पायऱ्यांत पोहोचलो. पहिल्या पायरीचे ३०८७ कुठून आले तेही पाहण्यासारखे आहे. वजाबाकीत मोठ्या आणि लहान अंकातला फरक ९९९ ने गुणला जातो, आणि मधल्या दोन अंकांतला फरक ९० ने. ७ आणि ४ मध्ये ३, ६ आणि ५ मध्ये १; म्हणून २९९७ अधिक ९०. ओळीने येणारे कोणतेही चार अंक घेतले तरी फरक हेच राहतात. १२३४ असो वा ५६७८, पहिले उत्तर ३०८७ च.

आता सहाही अंक घेऊन बघू. ४३११०० मधून ००११३४ वजा केले की ४२९९६६. पुढे ७४९९४३, मग ६५२६४४, मग ४२०८७६. इथून पुढे काय होते ते सावकाश वाचा:

४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि पुन्हा ४२०८७६.

सात मुक्कामांचे चक्र. सहा अंकी संख्यांच्या वाटा तीनच ठिकाणी संपतात: ५४९९४५ वर, ६३१७६४ वर किंवा या चक्रात. सदाशिव पेठेच्या वाट्याला चक्र आले. या सातांपैकी कोणत्याही संख्येचे अंक मिळवा, बेरजेला नऊने भाग जातोच. अंकांची जागा बदलली तरी बेरीज बदलत नाही, म्हणून वजाबाकीत नऊची बाकी उडून जाते. ती सुरुवातीची शाळकरी कसोटी इथेही आपले काम करते आहे.

जनक आणि स्वयंभू

शेवटचा प्रकार कापरेकरांच्या गावाच्या नावाने ओळखला जातो. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. नवी संख्या तयार होते. पहिली तिची जनक. ४११०३० मध्ये ९ मिळवले की ४११०३९. हा भोसरीचा पिनकोड. त्यात १८ मिळवले की ४११०५७, हिंजवडी. उलटे मागे चला. ४११०३० ची जनक ४११०२१, म्हणजे बावधन. तिची जनक ४११०१२, दापोडी. तिची ४११००३, खडकी. खडकी, दापोडी, बावधन, सदाशिव पेठ, भोसरी, हिंजवडी: सहा ठिकाणे एका धाग्यात ओवली गेली.

काही संख्यांना मात्र जनकच नसते. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून त्या तयार होत नाहीत. २० घ्या. ११ + २ = १३, १२ + ३ = १५, १४ + ५ = १९, १५ + ६ = २१; सगळ्या तपासल्या तरी २० येत नाही. कापरेकरांनी यांना स्वयंभू म्हटले, आणि त्यांची दुसरी ओळख ‘देवळाली संख्या’ अशी झाली.

४११००१ ते ४११०५० हा पट्टा मी वहीत मांडून पूर्ण तपासला. त्यात देवळाली संख्या चारच निघतात: ४११०११, ४११०२६, ४११०३७ आणि ४११०४८. देवळालीचा स्वतःचा पिनकोड ४२२४०१ या कसोटीला उतरत नाही; ४२२३८१ मध्ये २० मिळवले की तो तयार होतो. आणि चारांतला पहिला, ४११०११, आहे कसबा पेठेचा. पुण्याची सर्वात जुनी पेठ, जिच्यातला गणपती शहराचे ग्रामदैवत आहे आणि परंपरेने स्वयंभू मानला जातो.

हा योगायोग आहे. टपाल खात्याच्या यादीत कसब्याला अकरा आणि सदाशिवला तीस मिळाले, यामागे कोणतीही योजना नाही. पण ४११०११ ला जनक नाही ही गोष्ट योगायोग नाही. ती कोणीही, कुठेही, कधीही तपासून पाहू शकतो.

तुमच्या पिनकोडासाठीही कसोटी हीच. त्यातून १ वजा करा आणि उरलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज १ येते का पाहा. मग २ वजा करा, मग ३, असे ५४ पर्यंत. सहा अंकांची बेरीज त्यावर जातच नाही. वजा केलेला आकडा आणि बेरीज एकदा जरी जुळली तरी जनक सापडली. एकदाही जुळली नाही, तर तुमचा पत्ता स्वयंभू आहे.